दिसलं ना? हो हो, दिसलं!

आकाशदर्शनाच्या कार्यक्रमात सगळ्यात अवघड काम कोणतं, तर लोकांना वाटतं टेलिस्कोप उचलून नेणं, किंवा रात्रभर थंडीत कुडकुडणं, किंवा ढग. ढगांचं काय घेऊन बसलात, ढग आले की आम्ही सुटलो. खरं अवघड काम म्हणजे समोरच्याला काही दिसलंय की नाही हे ओळखणं. कारण टेलिस्कोपला डोळा लावलेला मोठा माणूस 'नाही दिसलं' असं म्हणतच नाही. मागे लांबलचक रांग, पोरंबाळं बघतायत, मग कोण कशाला कबूल करेल? तो वाकतो, क्षणभर थांबतो, "वाऽ, अप्रतिम!" म्हणतो आणि निघून जातो. मग मी डोळा लावतो तर शनी केव्हाच निघून गेलाय, आणि गृहस्थांनी दाद दिलीय ती नुसत्या काळोखाला.

यात त्यांचा तरी काय दोष म्हणा. आमच्या क्लबचा टेलिस्कोप म्हणजे आठ इंची डॉब, साध्या बैठकीवर ठेवलेला आरशाचा टेलिस्कोप, त्याला मोटरबिटर काही नाही, हातानेच ढकलायचा. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, त्यामुळे २०० पट मोठं करून बघायचं म्हटलं की ग्रह साधारण मिनिटभरात या कडेने आत येऊन त्या कडेने बाहेर. आणि रांगेतल्या माणसाचं ते मिनिट कसं जातं बघा, आधी चष्मा काढू की राहू दे यावर चर्चा, मग कुठला डोळा मिटायचा, मग तो एकटा मिटत नाही म्हणून तळहाताने झाकायचा, मग तोल जातो म्हणून आधाराला टेलिस्कोपची नळीच धरायची. नळी धरली की विषय संपला. शिवाय आयपीसमधून, म्हणजे डोळा लावायच्या भिंगातून, बाहेर येणारा उजेड या पॉवरला जेमतेम १ मिलिमीटर रुंदीचा असतो, त्यावर बरोब्बर बुबुळ आणून ठेवायचं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणंच, तेही मागून कुणीतरी "आटपा की हो" म्हणत असताना.

म्हणून मी परीक्षा घेतो. अर्थात गोड बोलून. शनीची कडी जाड दिसली की बारीक, एवढंच विचारायचं. २०२५ साली तर या प्रश्नाने कमाल केली. मार्चमध्ये कडीची नेमकी धार आपल्याकडे आली होती (हे साधारण दर पंधरा वर्षांनी होतं), आणि लाखो किलोमीटर पसरलेली ती कडी जाडीला बहुतेक ठिकाणी दहाएक मीटरच, त्यामुळे पुढचे कित्येक महिने दिसत होती ती ग्रहाच्या दोन्ही बाजूंना निघालेली एक रेघ. आणि लोक हात पसरून सांगतायत, काय ती भव्य गोल कडी! ते बाजूला लावलेल्या पोस्टरचं वर्णन करत होते.

याउलट एखादा संशयी माणूस येतो, डोळा लावतो, मग पुढे जाऊन नळीच्या तोंडात डोकावतो आणि म्हणतो, "आत चित्र चिकटवलंय ना तुम्ही?" बाकीचे मेंबर चिडतात. मला तर त्याला मिठी मारावीशी वाटते. अख्ख्या रांगेत शनी खात्रीने पाहिलेला तो एकटाच!

देवयानी दीर्घिका दाखवायची वेळ आली की मात्र मी सरळ चहा प्यायला जातो. फोटोत निळीजांभळी झगमगणारी ती दीर्घिका प्रत्यक्षात राखाडी डाग दिसते, २५ लाख प्रकाशवर्षांवरून आलेला उजेड आहे हो, असं कितीही सांगितलं तरी माणूस आयपीस पुसायला रुमाल काढतो. अंधुक गोष्ट सरळ बघण्यापेक्षा जरा बाजूला नजर ठेवली तर जास्त चांगली दिसते, पण "थोडं बाजूला बघा" म्हटलं की लोक अख्खी मान वळवून शेजारच्या झाडाकडे बघतात. अंधाराला सरावायला डोळ्यांना वीस-तीस मिनिटं लागतात, तेवढ्यात कुणीतरी चप्पल शोधायला मोबाईलचा टॉर्च लावतंच.

हा डॉब ज्याच्या नावाने ओळखला जातो तो जॉन डॉब्सन सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथवर टेलिस्कोप मांडून येणाऱ्याजाणाऱ्याला चंद्र दाखवायचा. त्याआधी तो १९४४ पासून १९६७ पर्यंत वेदान्त मठात संन्यासी होता, आणि टेलिस्कोपच्या नादापायी त्याला मठ सोडावा लागला. लोकांना या गोष्टीचं नवल वाटतं, मला अजिबात वाटत नाही. तेवीस वर्षांचा संन्यास ही रांग सांभाळायला लागणारी किमान पात्रता आहे.

गुरूची परीक्षा मात्र माझी सगळ्यात लाडकी. शेजारी किती ठिपके दिसले? पोस्टरवर चार मोठे चंद्र छापलेले असतात, त्यामुळे न बघितलेला माणूस ठासून "चार" सांगतो. पण एखादा चंद्र बरेचदा गुरूच्या पुढे, मागे नाहीतर सावलीत असतो, तेव्हा दिसतात तीनच. खुद्द गॅलिलिओलाही ७ जानेवारी १६१० ला तीनच दिसले होते, चौथा १३ तारखेला सापडला. आणि त्याच्यामागे रांगही नव्हती.

तर परवा त्या चारांपैकी आयो नावाचा चंद्र सावलीत होता, तीन ठिपके. एक काका वाकले, उठले.

"चार. एकदम क्लिअर."

"काका, आत्ता तीनच आहेत, चौथा गुरूच्या सावलीत आहे."

"अहो, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय माझं, मला सांगताय?"

मी गप्प बसलो पण मनातून खूश, पकडला! तासाभराने काका बायको, सून, नातू असा सगळा परिवार घेऊन परत रांगेत. आणि नेमकं त्याच सुमाराला आयो सावलीतून बाहेर आला, आधी फिकट, मग दोन-चार मिनिटांत चांगला ठसठशीत. काका वाकले, या वेळी नळीला हात न लावता अगदी शांतपणे मोजलं, आणि मग सुनेला पुढे केलं.

"बघ गं, चार आहेत ना?"

"हो बाबा, चार."

काका माझ्याकडे वळले. रागावले वगैरे नव्हते, उलट आवाजात माया होती.

"होतं असं कधीकधी. तुम्ही डोळे तपासून घ्या एकदा."

मागची रांग कळवळून माझ्याकडे बघत होती.