कोणाच्या घरच्यासारखं?

'कम्फर्ट फूड' म्हणजे काय हे सासूबाईंना समजावून सांगण्यात माझा एक आठवडा गेला. मऊभात, मेतकूट, साजूक तूप, मुगाची खिचडी, पिठलं, ताकाची कढी अशी यादी मी त्यांना वाचून दाखवली. त्यांनी ती शांतपणे ऐकली आणि विचारलं, "अगं, पण कोणाला बरं नाहीये?"

सगळे ठणठणीत होते. मी शाळेतली नोकरी सोडली होती, आणि बंगळुरूहून आलेल्या लेकीने चार दिवस लागोपाठ मऊभात खाऊन पाचव्या दिवशी जाहीर केलं होतं की, "आई, हे लोक विकत घेतील." सासूबाईंचं म्हणणं असं की ताप उतरल्यावर जे खायचं, ते धडधाकट माणूस पैसे मोजून कशाला खाईल? उद्या काढाही विकाल! (काढा विकतोच आम्ही. पावसाळ्यात, बाटलीतून. पण तेव्हा हे ठाऊक नव्हतं.)

नेमका त्याच महिन्यात नवरा निवृत्त झाला. तीस वर्षं हिशेबतपासणीत घालवलेला माणूस घरी बसला की त्याला तपासायला काहीतरी लागतं. पहिल्याच सकाळी लॅपटॉप घेऊन तो ओट्याशी उभा राहिला.

"एका फोडणीला मोहरी किती?"

"अंदाजे."

"अंदाजे हे एकक नाही."

"चिमूटभर लिही रे," सासूबाई आतून म्हणाल्या.

"कोणाची चिमूट?"

मग त्याने सोनाराकडे असतो तसला छोटा काटा मागवला आणि दोघींच्या चिमटींचं वजन केलं. सासूबाईंची चिमूट माझ्या दुप्पट भरली. "आईची चिमूट परवडणार नाही," असा निर्णय त्याने दिला. त्यावर त्या दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी बोलल्या ते एवढंच, की याच चिमटीवर तू वाढलास.

सरकारी कागदपत्रांचा मी फार धसका घेतला होता, पण तिकडे काहीच घडलं नाही. मी अर्ज केला तेव्हा १२ लाखांच्या आत उलाढाल असणाऱ्यांना परवाना लागत नव्हता, नुसती अन्न सुरक्षेची नोंदणी पुरे होती, आणि तिची फी होती वर्षाला १०० रुपये. १४ आकडी नंबर आला. तो डब्याच्या लेबलवर छापलेला पाहून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे इतकी वर्षं मी तुम्हाला नोंदणीशिवायच जेवायला घातलं."

गॅसने मात्र घरात तट पाडले. घरगुती १४.२ किलोचा सिलेंडर धंद्याला वापरता येत नाही, म्हणून १९ किलोचा व्यावसायिक सिलेंडर आला आणि ड्राय बाल्कनीत वॉशिंग मशिनला खेटून उभा राहिला. त्या दिवसापासून आमच्याकडे दोन शेगड्या आहेत, एक घरची आणि एक धंद्याची. धंद्याच्या शेगडीवर चुकून घरचा चहा टाकला की नवरा विचारतो, "हा कुठल्या खात्यावर?"

राज्यात २०१८ साली प्लास्टिकबंदी आली तेव्हा मी वर्गात त्यावर निबंध लिहून घेतला होता. आता त्याला जागणं भाग होतं. रविवार पेठेतून दोन कप्प्यांचे साठ स्टीलचे डबे आणले. डब्याला अनामत घ्यायची, डबा परत आला की वळती करायची. या डब्यांनी पुढे काय केलं ते सांगते, पण आधी भात.

मऊभात हा पदार्थ प्रवास करत नाही, हे मला पन्नाशीपर्यंत माहीत नव्हतं, कारण तो कधी स्वयंपाकघराच्या बाहेर गेलाच नव्हता. आम्ही इंद्रायणी वापरतो. आपल्याच मावळातल्या संशोधनातून आलेला, आंबेमोहोराच्या कुळातला तांदूळ; चिकट, सुवासिक, मऊभातासाठीच जन्मलेला. पण भात गार व्हायला लागला की त्यातला स्टार्च पुन्हा घट्ट बसत जातो. कर्वेनगरला पातेल्यातून निघताना जो लोण्यासारखा होता, तो बाणेरला पोचेपर्यंत कापून वड्या पाडाव्यात असा झाला. पहिल्या गिऱ्हाइकाने शब्दही न लिहिता फोटो पाठवला. भातात चमचा सरळ उभा होता, आधाराशिवाय.

दुसऱ्या दिवशी पाणी वाढवलं, तर कोथरूडच्या गिऱ्हाइकाला पेज मिळाली. शेवटी नवऱ्याच्या लॅपटॉपचा उपयोग झाला. त्याने तक्ता केला. कर्वेनगर-कोथरूडला तांदळाच्या चौपट पाणी, बाणेरला पाचपट, हिंजवडीला साडेसहापट. शुक्रवार संध्याकाळ असेल तर वर अर्धी वाटी. पाऊस असेल तर हिंजवडीची ऑर्डर घ्यायची नाही, कारण तेवढं पाणी मावेल असं पातेलं आमच्याकडे नाही. आता मी डब्यात ओतते ते पातळसर काहीतरी असतं. त्याचा मऊभात रस्त्यात होतो. चांदणी चौकाचा असा उपयोग दुसऱ्या कोणी केला असेल असं वाटत नाही.

डबे पोचवायला माणूस हवा होता. मुंबईत हे काम १८९० पासून चालू आहे, आणि ते करणारी बहुतेक मंडळी आमच्याच जिल्ह्यातली, मावळ-मुळशी-खेड-जुन्नरची. पिढ्यानपिढ्यांचं हे ज्ञान आमच्या दारावरून मुंबईला निघून गेलं आणि आमच्या वाट्याला आला वरच्या मजल्यावरचा इंजिनियरिंगचा मुलगा. मुलगा गुणी आहे. फक्त त्याला पत्ता वाचता येत नाही. त्याला 'लोकेशन' लागतं. आणि आमची निम्मी गिऱ्हाइकं लोकेशन न पाठवता "गणपतीच्या देवळापासून आत" असं सांगणारी. कोथरूडमध्ये! त्यात सोसायटीचं नाव 'स्नेह'ने सुरू होत असेल तर संपलंच. एका दुपारी त्याने एका 'स्नेह'ची कढी दुसऱ्या 'स्नेह'ला दिली. ज्यांनी काहीच मागवलं नव्हतं त्यांनी ती संपवून फोन केला की कढी छान होती, पण जरा आंबट.

हे सगळं सोसलं असतं. धंद्याला खरा सुरुंग मीच लावला होता, तो जाहिरातीत. मी लिहिलं होतं: 'अगदी घरच्यासारखं.'

कोणाच्या, ते लिहिलं नव्हतं.

आमच्याकडे आमटीला चिंच-गूळ आणि गोडा मसाला. गूळ म्हणजे जिभेला कळेल इतका. ही आमटी पहिल्या आठवड्यात वीस घरी गेली आणि वीस घरांतून मला त्यांच्या आया कळल्या. रत्नागिरीकडच्या बाईंनी लिहिलं, चिंच कशाला, आमसूल घालतात. कोल्हापूरच्या मुलाने नम्रपणे विचारलं की ही आमटी आहे की गोडाचा पदार्थ, आणि त्याच्या आईने पाठवलेला कांदा-लसूण मसाला तो मला आणून देऊ शकतो, घरात पडूनच आहे. नागपूरचा एक जण पिठलं खाऊन म्हणाला, "काकू, चव चांगली आहे, पण आमच्याकडे याला चून म्हणतात आणि ते खाताना घाम येतो." घाम आला नव्हता, ही तक्रार. मी मिरची वाढवली, तेव्हा सदाशिव पेठेतल्या आजोबांचा फोन आला. त्यांना घाम आला होता.

पिठल्यात गाठी असाव्यात की नसाव्यात यावर तर माणसं इतकी हळवी असतात, याची मला कल्पना नव्हती. मी आयुष्यभर गाठी मोडायला शिकले. एका गृहस्थांना त्याच हव्या होत्या. "गाठीत कोरडं पीठ राहतं ना, ते," ते म्हणाले. "आई घाईत असायची."

नवऱ्याने यावर फॉर्म काढला. गूळ: हो / नाही / बेताचा. गाठी: हो / नाही. पिठलं: पळीवाढं / घट्ट. लोकांनी मनापासून भरला. 'बेताचा' या रकान्यावर ६० टक्के मतं पडली आणि बेत प्रत्येकाचा वेगळा निघाला. नवरा तेव्हापासून जरा नरमला आहे. परवा तो स्वतःहून 'अंदाजे' म्हणाला.

आणि डबे. रिकामा डबा परत देऊ नये, हे आपल्याकडे कोणाला शिकवावं लागत नाही. अनामत, वळती, पावती हे सगळं केलं होतं, तरी परत येणाऱ्या डब्यांत काहीतरी असायचंच. मूठभर चिवडा, दोन बेसनाचे लाडू, बागेतली चार लिंबं, एकदा नुसती साखर. लिंबं आली तो महिना एप्रिल होता, त्यामुळे त्या डब्यात आम्हाला निव्वळ नफा झाला. नवऱ्याला हे जमेला कुठे धरायचं ते कळेना. तो रोज हिशेब लिहिताना चिवडा खायचा आणि पुरावा नष्ट व्हायचा.

एरंडवण्यातल्या एका आजींनी मात्र डबा भरून आमटी पाठवली. सोबत चिठ्ठी: 'अशी असते.' आम्ही तिघं ओट्याशी उभं राहून ती चाखली. चांगली होती. मी काही म्हणाले नाही. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि मग म्हणाल्या, "हिंग जास्त आहे." त्यांच्या चिमटीचं वजन आठवून मी गप्प बसले.

मग तो गुरुवार आला. कुकरचं झाकण नीट बसेना म्हणून खिचडी पातेल्यात टाकली होती, मी फोनवर एकाला देऊळ समजावत होते, आणि खिचडी खाली लागली. करपट वास घरभर. पुन्हा करायला वेळ नव्हता. वरची वरची काढून डब्यात भरली, वर तूप जास्त सोडलं आणि देवाचं नाव घेऊन मुलाला पिटाळलं. तासाभराने बावधनच्या एका गिऱ्हाइकाचा फोन. नाव पाहून मी आधी माफी मागायची वाक्यं जुळवली, मग उचलला.

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, "मॅडम, खिचडी लागली होती का आज?"

"हो, त्याचं असं झालं—"

"नाही नाही. आमची आई रोज लावायची. ती वाचत बसायची शेगडीपाशी. बारा वर्षांनी हा वास आला." मग घसा साफ करून म्हणाले, "दर गुरुवारी अशीच मिळेल का?"

मी हो म्हटलं. लागलेली खिचडी मुद्दाम करणं किती अवघड असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. लक्ष नसलं की ती आपोआप लागते. लक्ष ठेवून लावायला गेलं की एकतर लागत नाही, नाहीतर कोळसा होतो. पहिल्या प्रयत्नात नवरा घड्याळ लावून उभा राहिला. दुसऱ्या वेळी मी नुसतीच फोनवर बोलायचं नाटक केलं. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणत होत्या, खरपुडी पिठल्याची असते, खिचडीची नसते, हिला करपलेली खिचडी म्हणतात. शेवटी मी खरोखरच एक कादंबरी घेऊन शेगडीपाशी बसले. चौथ्या पानावर जमलं.

भांडी घासणाऱ्या मावशींनी ते पातेलं पाहिलं. तिसऱ्या गुरुवारी त्या म्हणाल्या, "ताई, चुकून करपलं तर मी काही बोलत नाही. पण हे मुद्दाम आहे. याचे वेगळे पैसे." त्यांचं बरोबर होतं. नवऱ्याने नवा रकाना उघडला: 'गुरुवारचं पातेलं, ३० रुपये.' ते बिलात लावले. बावधनकरांनी एक शब्द न बोलता पूर्ण पैसे पाठवले आणि खाली लिहिलं:

'आज छान होती. पण आईइतकी लागली नव्हती.'