लग्नाची झेरॉक्स

माझं लग्न झालेलं आहे. देवगड तालुक्यात कुणालाही विचारा. तो नुसतं 'हो' म्हणून थांबणार नाही. तिसऱ्या पंगतीला सोलकढी कशी संपली, पत्रिकेत धाकट्या काकांचं नाव चुलत काकांच्या खाली कसं गेलं, त्यावरून ते अक्षता टाकून न जेवताच कसे निघाले आणि समजूत काढल्यावर दोनदा कसे जेवले, हे सगळं क्रमवार सांगेल. एवढं गावजेवण घालून झालेलं लग्न खरं आहे, हे मला अमेरिकेच्या सरकारला पटवून द्यायचं होतं. तेही कागदावर. आणि कोकणात कागद म्हणजे पावसाळ्यात बुरशी खाते आणि उरलेला वाळवी.

बायको अमेरिकेची नागरिक. तिचे आजोबा कणकवलीकडून परळला गिरणीत गेले, वडील परळहून न्यू जर्सीला गेले, आणि ती एकदा गाव बघायला म्हणून उलट आली ती आमच्या आत्याच्या तावडीत सापडली. आमच्याकडची रीत अशी की घो मुंबईला चाकरीला, बायको गावी, आणि गणपतीला तो चार दिवस येणार. आमच्या घरात चाकरमानी ती. गणपतीला येते ती. कलमं राखत वाट बघतो तो मी. आत्याने वाडीभर सांगून ठेवलंय, "आमच्या झिलाची बायल तिकडसून मनीऑर्डर धाडता." अशी एकही मनीऑर्डर आजवर आलेली नाही, पण पोस्टमनलाही आता ती आल्यासारखी वाटते.

लग्नानंतर मला तिकडे राहायला न्यायचं म्हणून तिने आय-१३० नावाचा अर्ज भरला. हे माणूस माझं आहे, असं त्यात नागरिकाने सांगायचं असतं. तो मंजूर झाला की प्रकरण न्यू हॅम्पशरमधल्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे जातं. तिथे डीएस-२६० नावाचा दुसरा अर्ज, फी, दाखले, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र, आणि मग कधीतरी मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या कॉन्सुलेटात मुलाखत. लग्न खोटं निघालं तर ५ वर्षांपर्यंत कैद, अडीच लाख डॉलरपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मी ओटीवर बसून मोठ्याने वाचलं. धाकटे काका सुपारी कातरत होते. म्हणाले, "पाच वर्सांनी सोडतत? मगे खोटांच बरां." आत काकी तांदूळ पाखडत होती. सुपाचा आवाज थांबला. काका त्या रात्री आमच्याकडेच जेवले.

पुराव्यांच्या यादीत पहिलं काय, तर नवरा-बायकोची सामाईक मालमत्ता. मी खूश झालो. सामाईक म्हणजे काय हे अमेरिकेने आमच्याकडून शिकावं. आमच्या जमिनीचा सातबारा काढला तर त्यावर ४७ नावं. त्यातले निम्मे देवाघरी, उरलेले बोरिवलीत, आणि एक जण असा की तो कोण हे भावकीत कुणालाच ठाऊक नाही, पण दोन पैशांची आणेवारी धरून बसलाय. एवढ्या गर्दीत नाही ते फक्त माझ्या बायकोचं नाव. तलाठ्याकडे गेलो. त्यांना आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं. लग्न न होता नाव बदललेले आमच्या गावातले ते पहिलेच. ते म्हणाले, "बायकोचं नाव कुठे लावणार? आधी वाटप करून या." वाटपासाठी आजोबांनी रत्नागिरीला चपला झिजवल्या, वडिलांनी नव्या जिल्ह्याच्या ठिकाणी, ओरोसला. १९८१ साली अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचं वाटप होऊन सिंधुदुर्ग वेगळा निघाला, आमच्या परसाचं अजून व्हायचंय. तरी मी तो सातबारा भाषांतर करून फाइलला लावलाच. या घराण्यात कुणी कुणाला सहजासहजी सोडत नाही, एवढं तरी साहेबाला कळावं.

मुलांचे जन्मदाखले हाही पुरावा चालतो. त्याबद्दल आत्याने जे सुचवलं ते इथे लिहीत नाही. माझा स्वतःचा जन्मदाखला काढला, तर नावाचा रकाना कोरा. खाली 'पुरुष' एवढीच सरकारची खात्री. ते नाव चढवण्यात दीड महिना गेला.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं, आणि भाषांतर करणाऱ्याने 'हे पूर्ण आणि अचूक आहे, मला दोन्ही भाषा येतात' असं लिहून सही करायची असते. हायस्कुलातून निवृत्त झालेले इंग्रजीचे गुरुजी तयार झाले. 'अचूक' हा शब्द त्यांनी फारच मनाला लावून घेतला. लग्नपत्रिकेतल्या माझ्या नावामागच्या 'चि.'चं त्यांनी 'इम्मॉर्टल' केलं. म्हणजे फाइलमध्ये मी अमर, आणि प्रत्यक्षात छातीचा एक्स-रे आणि लसींचे दाखले घेऊन मेडिकलच्या रांगेत उभा. बायकोच्या 'सौ. कां.'चं त्यांनी 'सौभाग्याची इच्छा धरणारी' असं केलं. आता ग्रीन कार्डाची इच्छा धरणारा मी, आणि इच्छेचा ठपका तिच्यावर. तळाशी पुतण्याच्या नावाने 'आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं' अशी ओळ होती. तिच्याखाली गुरुजींनी कंसात टीप दिली की सदर निमंत्रक लग्नसमयी चार वर्षांचा असल्याने त्याचं निमंत्रण कायद्याने ग्राह्य धरू नये.

अल्बमवर माझी मोठी भिस्त होती. चाळीस पानी करिझ्मा अल्बम, जेवायच्या पाटाएवढा जड. उघडला तर पहिल्या पानावर आम्ही दोघे स्वित्झर्लंडमध्ये. दुसऱ्यावर आयफेल टॉवर. फोटो काढले तेव्हा आमच्या मागे देवगडचा खराखुरा समुद्र होता, दीपगृह होतं, जाळं सुकत टाकलेलं होतं. ते सगळं पुसून फोटोग्राफरने बर्फ घातला. एका पानावर तर ती खाली मेंदी बघतेय आणि मी ढगांतून तिच्याकडे बघतोय, वारलेल्या माणसासारखा. मूळ फोटो मागायला गेलो, तर तो म्हणाला, "सीझन होतो ना, हार्डडिस्क भरली. सगळे उडवलंय. बर्फातले मात्र आसत."

राहिले घरचे फोटो. आमच्याकडे नवरा-बायको फोटोत शेजारी उभे राहत नाहीत, मध्ये एक वडीलधारं माणूस लागतं. गणपती, मध्ये आत्या. कुणकेश्वरची जत्रा, मध्ये आत्या. दोघांचा म्हणून एकच सापडला, त्यात मी दोन्ही हातांनी सुरमई धरलीय आणि कोपऱ्यात बायकोचं बोट आहे, कारण फोटो तिनेच काढलाय. प्रत्येक फोटोखाली तारीख, ठिकाण आणि कोण कुठे उभं आहे ते लिहायचं. तिसाव्यांदा 'मध्यभागी आत्या' लिहिताना वाटलं, हे सगळं बघून कुणीही म्हणेल की माझं लग्न हिच्याशीच झालंय.

मग व्हॉट्सॲप. लांब राहणारे नवरा-बायको एकमेकांशी बोलतात, हे दाखवायचं असतं. आमचं चौदा महिन्यांचं बोलणं मी मोबाइलमध्ये वाचून पाहिलं. "जेवलास?" "हो." "काय?" "बांगडा." "परत?" दुसऱ्या दिवशी पेडवे. मग पावसाळ्यातली मच्छीबंदी, म्हणून दोन महिने कुळथाची पिठी. मध्ये मध्ये घड्याळावरून वाद, कारण न्यू जर्सी आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा. तो एक तास कुठे जातो हे तिने मला चार वेळा समजावलंय, मला अजून कळलेलं नाही.

प्रिंट काढायला बाजारात झेरॉक्सवाल्याकडे गेलो. म्हटलं, "हे जरा खासगी आहे. वाचू नकोस."

"छ्या! आमका वाचूक टाइम खय आसा?"

दहा मिनिटांत त्याने मान वर केली. "दादानू, अकरा ऑगस्टाक वयनीन नुसता 'ओके' म्हटलांहा. पुढे टिंब सुद्धा दिलांहा. काय झाला होता?"

दुकानात माणसं होती. नोव्हेंबर असल्यामुळे पेन्शनवाले हयातीच्या दाखल्याला आलेले. बाकावर एक म्हातारी बसली होती, ती म्हणाली, "माका जित्ती आसंय म्हणान दाखवचा लागता, तुका लगीन झाला म्हणान. बस बाबा हय." मी तिच्या शेजारी बसलो. तिच्या अंगठ्याचा ठसा यंत्रावर उमटत नव्हता. आयुष्यभर भाताची लावणी आणि काजू सोलून रेषाच उरल्या नव्हत्या. ती माझ्याहून वाईट अडकली होती. मला निदान कागद दाखवून भागवता येत होतं, तिचं समोर श्वास घेऊनही भागत नव्हतं.

इकडे झेरॉक्सवाला संपादक झाला होता. "सगळा गोड गोड घालू नको. 'जेवलास, जेवलास' चौदा महिने वाचून सायबाक संशय येतलो. मधीच एक भांडाण होया." आणि त्याने भांडण निवडूनही काढलं. गेल्या गणपतीनंतरचं. विमानाला बॅगेचं वजन २३ किलो, आणि आईने तीत चार किलो कुळथाचं पीठ, गरे आणि फणसपोळी कोंबलेली. बायकोने विमानतळावर पीठ काढून मामेभावाला दिलं. ते आईला कळलं. मी दोघींच्या मध्ये. एकूण सहा पानं. तिसरं पान अर्धं बाहेर आलं, 'हे बघ, तुझ्या आईला मी' इथपर्यंत, आणि वीज गेली. अख्खं दुकान पाऊण तास थांबलं. ज्यांची कामं झाली होती तेही थांबले. वीज आली, पुढची ओळ निघाली: 'मी स्वतः फोन करून सांगते.' म्हातारी म्हणाली, "चेडू चांगला आसा," आणि छत्री उचलून गेली. भांडणाची सहाही पानं फाइलला लागली.

लग्नाची माहिती असणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रंही जोडावीत, असं यादीत होतं. आत्याला तालुक्याला नोटरीपुढे नेलं. तिने सांगायला सुरुवात केली: मी सत्यप्रतिज्ञेवर सांगतंय की ह्यांचा लगीन मीया जमवलंय, सून माशाक मीठ कमी घालता, पण झील गपचूप खाता, आणि दोघांका मी माज्या कानान भांडताना आयकलंय. नोटरीने मीठ खोडलं, भांडण खोडलं, आणि 'सदर विवाह माझ्या समक्ष विधिवत संपन्न झाला' असं लिहिलं. मला वाटतं, त्यांनी नेमका पुरावाच खोडला. आत्याने सही केली, वर अंगठाही उठवला. नको म्हटलं तरी ऐकेना.

मुलाखतीची तारीख फेब्रुवारीतली आली, ऐन मोहोराच्या दिवसांत. आदल्या दिवशी फाइल आंब्याच्या काट्यावर ठेवली. ३ किलो ४०० ग्रॅम. डझनभर हापूस आणि वर दोन. मग ती देवळात नेली, कारण गाऱ्हाण्याशिवाय आमच्याकडे बैलसुद्धा विकत नाहीत. गावकरांनी नारळ हातात घेतला आणि सूर लावला:

"बा देवा म्हाराजा! आज ह्यो तुजो लेकरू सायबाच्या दारात जाता हा, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्याच्या लग्नाचो कागद खरो आसा, तो खरो ठरव, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आय एकशेतीस काय ता, डीएस दोनशेसाठ काय ता, त्येच्यात वाकडा-तिकडा कायव आसात, कोणी वायट चितला आसात, तर ता सरळ कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

साठ-सत्तर माणसं एकदम 'व्हय' म्हणाली. तेवढी प्रतिज्ञापत्रं मला नोटरीकडून किती महागात पडली असती! धाकटे काका सगळ्यात मोठ्याने ओरडले. काकी मागे उभी होती.

कणकवलीहून रात्रीची कोकणकन्या पकडली. आईने पिशवीत फाइलच्या खाली सोड्यांची पुडी ठेवली होती, 'सायबाक दी' म्हणून. सकाळी मुंबईत उतरेपर्यंत लग्नाचे सगळे पुरावे सोड्यांच्या वासाचे झाले. पिशवी आणि मोबाइल आत चालत नाही, म्हणून दोन्ही बाहेर चुलतभावाकडे दिले. फाइल छातीशी धरून रांगेत राहिलो. पुढचा माणूस दोनदा वळून बघून गेला.

काचेपलीकडे एक तरुण साहेब, बाजूला दुभाषी बाई. उजवा हात वर करून खरं बोलायची शपथ घेतली. लग्नाचा मूळ दाखला मागितला, बघितला.

"कसे भेटलात?"

"आत्या."

बाईंनी एका शब्दाचं बरंच मोठं भाषांतर केलं. साहेबाने मान हलवली. त्याला आत्या नव्या नसाव्यात.

"बायकोशी शेवटचं कधी बोललात?"

"आज. आत यायच्या आधी."

"काय बोललात?"

तिच्या कंपनीचं नाव, तिच्या आईचं जन्मगाव, तिच्या टूथब्रशचा रंग, सगळं पाठ करून गेलो होतो. हे पाठ केलेलं नव्हतं. म्हटलं, "तिने विचारलं, जेवलास का. मी म्हटलं, इथे सकाळ आहे, सकाळी कोण जेवतो? ती म्हणाली, माझ्याकडे रात्र आहे, तुला अजून फरक कळत नाही. मग जरा वाजलं."

साहेबाने काहीतरी टाइप केलं. मी फाइल पुढे केली. काचेखालची फट दोन बोटांची. आडवी करून पाहिली, तिरकी करून पाहिली. सातबारा अडकत होता. साहेब हाताने नको नको म्हणाला, पासपोर्ट ठेवून घेतला आणि व्हिसा मंजूर झाल्याचं सांगितलं. चार मिनिटं झाली असतील. मी तिथून हलेना, तेव्हा बाई मराठीत म्हणाल्या, "अहो, झालं. जा आता."

गावी आल्यावर झेरॉक्सवाल्याला पेढे द्यायला गेलो. त्याला पहिला प्रश्न, भांडणाची पानं बघितली का? मी म्हटलं, फाइल उघडलीच नाही. त्याचा चेहरा पडला. मग त्याला पुढचं सांगितलं. १९८६ सालच्या कायद्याने, लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड मिळतं ते अटीवरचं, दोन वर्षांचं. ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ नावाचा अर्ज करायचा आणि लग्न अजून खरंच आहे, याचे पुरावे नव्याने द्यायचे.

त्याने पेढा तोंडात टाकला. "जुनी फाइल माज्या काँप्युटरात आसा, ती इसर. पण तिकडे एका घरात ऱ्हवान तुमी तोंडान भांडशात, मगे मी प्रिंट कसली काढू? भांडूचा झाला तर व्हॉट्सॲपार भांडा."