प्रागच्या घड्याळजीचे डोळे कुणी काढले नव्हते

जळगाव-भुसावळच्या ग्रुपांवर सध्या प्राग शहरातल्या जुन्या घड्याळाचा व्हिडिओ फिरतोय. खालचा मजकूर असा: हे घड्याळ मास्टर हानुशने बनवलं, त्याने दुसरीकडे असंच बनवू नये म्हणून नगरसभेने तापल्या सळईने त्याचे डोळे काढले, त्याने सूडापोटी यंत्रात हात घालून ते बंद पाडलं, आणि तरीही ते सहाशे वर्षं अखंड चालू आहे! शेवटी, 'हे गणित आपल्या खान्देशच्या भास्कराचार्यांचं. अभिमान असेल तर पुढे पाठवा.'

काय भो, बंदही पडलं आणि अखंडही चाललं?

मुळात घड्याळ हानुशचं नाहीच. ते १४१० सालचं. कादानचा घड्याळजी मिकुलाश याने ते घडवलं आणि त्यामागचं खगोलगणित प्राग विद्यापीठातल्या यान शिंडेलचं, असं मानतात. ९ ऑक्टोबर १४१० च्या दस्तऐवजात नगरसभेने मिकुलाशची तोंडभरून स्तुती केली आहे. हानुश आला जवळपास ऐंशी वर्षांनी, तयार घड्याळावर काम करायला. पुढे घड्याळाची देखभाल करणाऱ्या यान ताबोर्स्कीने १५७० च्या सुमारास सगळं श्रेय हानुशला लिहून टाकलं आणि तेच पिढ्यान्‌पिढ्या चालत राहिलं. विसाव्या शतकात जुना दस्तऐवज उजेडात आला तेव्हा कुठे मिकुलाशचं नाव परत लागलं.

डोळे काढल्याची गोष्ट स्ट्रासबुर्गच्या घड्याळाबद्दल सांगतात, ग्दान्स्कच्याही. आपल्याकडे ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडले जातात, तसलाच प्रकार. शिवाय साधा व्यवहार बघा. ऐन उन्हाळ्यात केळीच्या मळ्यातली मोटर जळाली, तर रिवाइंडिंगवाल्याला आपण आधी चहा पाजतो. ज्याच्यावाचून यंत्र दुरुस्त होणार नाही त्यालाच आंधळा करायला नगरसभेला वेड लागलं होतं का?

'अखंड' म्हणाल तर ते अनेकदा बंद पडलंय. १८६५-६६ मध्ये मोठी दुरुस्ती झाली, योसेफ मानेसने रंगवलेली दिनदर्शिकेची तबकडी तेव्हाची. आरवणारा कोंबडा १८८२ चा. मे १९४५ मध्ये जर्मन माऱ्यात घड्याळ जळालं, बारा प्रेषितांच्या, म्हणजे येशूच्या शिष्यांच्या, लाकडी मूर्तीही गेल्या. आजच्या मूर्ती व्होयतेख सुखार्दाने नव्याने कोरलेल्या. १९४८ मध्ये घड्याळ पुन्हा सुरू झालं. २०१८ मध्येही काही महिने ते डागडुजीसाठी बंद होतं. व्हिडिओत तासाला सांगाडा दोरी ओढतो, खिडक्या उघडून प्रेषित एकामागून एक पुढे सरकतात, मग कोंबडा आरवतो आणि टोले पडतात. हे सगळं एकाच माणसाने एकदाच बनवलेलं नाही.

खरी करामत आहे तबकडीमागे. तिथे तीन मोठी चाकं आहेत: राशीचक्राचं ३६५ दात्यांचं, सूर्याचं ३६६ आणि चंद्राचं ३७९. तिन्ही सारख्याच छोट्या दातेरी चाकांवर फिरतात. सूर्याचं चाक २४ तासांत एक फेरी मारतं, तर एक दाता कमी असलेलं राशीचक्र सुमारे चार मिनिटं आधीच फेरी पुरी करतं. नक्षत्रं रोज तेवढीच लवकर उगवतात. चंद्राच्या चाकाला २४ तास ५१ मिनिटं लागतात. संकष्टीला चंद्रोदयासाठी ताटकळणाऱ्यांना ही रोजची पाऊण-एक तासाची दिरंगाई सांगायला नको. फॉरवर्डमध्ये याबद्दल एक अक्षर नाही.

राहता राहिले भास्कराचार्य. तबकडीवर राशी दिसल्या म्हणून ती आपली होत नाही. ही तबकडी म्हणजे यंत्राने फिरवलेलं ॲस्ट्रोलेब, सूर्य-ताऱ्यांची जागा दाखवणारं जुनं उपकरण. ते ग्रीकांकडून अरबांकडे आणि तिथून युरोपात गेलं. संस्कृतात त्यावरचा पहिला ग्रंथ महेंद्रसूरीचा 'यंत्रराज', १३७० चा, म्हणजे भास्कराचार्यांनंतर दोनशे वर्षांनी. भास्कराचार्यांच्या ११५० च्या 'सिद्धान्तशिरोमणी'त यंत्राध्याय आहे. त्यात आऱ्यांत पारा भरून आपोआप फिरणाऱ्या चाकाची कल्पनाही आहे. ते चाक चालणारं नव्हतं, पण कल्पना त्यांची.

अभिमानाने पुढे पाठवायचंच असेल तर चाळीसगावजवळच्या पाटणादेवीचा शिलालेख पाठवा. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचा नातू चांगदेव याने तिथे मठ काढला, असं त्यात कोरलंय.