‘संकट आलं की पळतात’? लाचोरला उलटं घडलं

सध्या एक मजकूर फिरतोय. आफ्रिकेतल्या खेड्यांत जाणारे ख्रिस्ती मिशनचे स्वयंसेवक चार दिवस राहून फोटो काढतात, त्यांचा दवाखाना म्हणजे धर्मांतराचं आमिष, संकट आलं की ते पळ काढतात आणि मागे गाव कायमचं मिंधं होऊन बसतं, असं त्यात म्हटलंय. मला तो ज्यांनी पाठवला ती माणसं विचारी आहेत, म्हणून हे उत्तर.

आधी पळण्याचं बघू. उत्तर युगांडात गुलू शहराबाहेर लाचोर आहे. तिथे १९५९ मध्ये कोंबोनी या कॅथलिक संघाच्या मिशनऱ्यांनी सेंट मेरीज हे छोटं रुग्णालय काढलं. १९६१ मध्ये इटलीचे डॉ. पिएरो कोर्ती तिथे आले. शस्त्रक्रिया विभाग उभा करायला त्यांनी कॅनडाच्या सर्जन ल्युसिल टीसडेल यांना दोन महिन्यांसाठी बोलावलं. त्या पस्तीस वर्षं राहिल्या. दोघांनी तिथेच लग्न केलं. हुकूमशहा इदी अमीनची राजवट आली, गेली. मग बंडखोरांचं युद्ध पेटलं. जखमी सैनिकांच्या शरीरातल्या हाडांच्या कपच्या काढताना ल्युसिलबाईंच्या हातांना कापायचं. त्यातून एचआयव्हीची लागण झाली. १९८५ मध्ये निदान झाल्यावरही त्या शस्त्रक्रिया करत राहिल्या. १९९६ मध्ये त्या गेल्या. त्यांना लाचोरच्याच मातीत पुरलंय, पुढे शेजारी पिएरोंनाही. याला पळणं म्हणायचं का?

आता मिंधेपणा. १९८३ मध्ये मॅथ्यू लुकविया नावाचा तरुण डॉक्टर लाचोरला शिकाऊ म्हणून आला. उत्तर युगांडातल्याच किटगुमचा, तिथल्या अचोली समाजातला. १९८९ मध्ये नन्सना पळवून न्यायला बंडखोर आले, तेव्हा ‘त्यांना सोडा, मला न्या’ म्हणत तो स्वतः त्यांच्याबरोबर गेला आणि काही दिवसांनी सुटून परतला. पुढे तोच रुग्णालयाचा वैद्यकीय प्रमुख झाला. अपहरणाच्या भीतीने हजारो गावकरी रात्री रुग्णालयाच्या आवारात झोपायला यायचे, त्यांच्यासाठी दारं उघडी असत. रुग्णालयाची नर्सिंग शाळा १९७०च्या दशकापासून आहे. आज तिथे जवळपास पाचशे खाटा आहेत. डॉक्टर, परिचारिका, संचालक, जवळजवळ सगळे युगांडाचेच. बाहेरच्या देणग्या अजून लागतात, हे खरं. पण बाहेरून मदत येणं आणि कारभार बाहेरच्यांच्या हाती असणं यात फरक आहे, आणि त्या मजकुरात तो पुसून टाकलाय.

आमिषाचा मुद्दा लाचोरला लागूच पडत नाही. गुलूत कॅथलिक मिशन १९११ पासून होतं. रुग्णालय त्यानंतर जवळपास अर्ध्या शतकाने आलं. आणि सुदानच्या नुबा पर्वतांत गिदेल इथे डॉ. टॉम कॅटेना हे अमेरिकी कॅथलिक सर्जन २००८ पासून आहेत. त्यांचे रुग्ण मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, पारंपरिक श्रद्धा मानणारेही आहेत. २०११ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर परदेशी सहकारी निघाले, ते थांबले. २०१४ मध्ये रुग्णालयावर बॉम्ब पडले, तरी थांबले. धर्मांतराचा हेतू कुठेच नसतो, असं मी म्हणत नाही. मिशनचा इतिहास वसाहतींच्या इतिहासात गुंतलेला आहे, ते कुणी नाकारू नये.

फोटोंबद्दल मात्र त्या मजकुराशी मी अर्धा सहमत आहे. पंधरा दिवसांसाठी येऊन भिंती रंगवून जाणाऱ्या तरुणांचा गावाला फारसा उपयोग नसतो. त्याहून मोठा धोका अर्धवट शिक्षणाचा असतो, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमका तोच सोडलाय. १९७६ मध्ये तेव्हाच्या झैरेतल्या (आजच्या काँगोतल्या) याम्बुकू इथे बेल्जियन नन्सचं मिशन रुग्णालय होतं. तिथे डॉक्टर नव्हता. रोज सकाळी पाच सिरिंज बाहेर काढायच्या आणि दिवसभर त्याच नुसत्या पाण्यात खळबळून वापरायच्या. त्या सुयांतून इबोला हा जीवघेणा आजार पसरला. नन्सही त्यात गेल्या. त्यांच्या सेवाभावात काही कमी नव्हतं.

ऑक्टोबर २००० मध्ये हाच आजार लाचोरला आला. लुकविया तेव्हा राजधानी कंपालात पुढचं शिक्षण घेत होते. निरोप मिळताच परतले, रुग्णांची कागदपत्रं काढून वाचली आणि लक्षणांवरून आजार ओळखला. दक्षिण आफ्रिकेच्या प्रयोगशाळेचा निकाल येण्याआधीच त्यांनी विलगीकरण कक्ष सुरू केला होता. हाताखालच्या परिचारिका एकामागून एक दगावत गेल्या, तरी तो बंद पडला नाही. ५ डिसेंबरला लुकविया स्वतः इबोलाने गेले. त्यांची कबर ल्युसिलबाईंच्या शेजारी आहे.