काका, माईक सोडा

विज्ञानाच्या व्याख्यानानंतर "मला प्रश्न नाही विचारायचा, फक्त दोन शब्द बोलायचे आहेत" असं म्हणत जो माणूस उभा राहतो, त्याच्या हातातला माईक तिथल्या तिथे काढून घ्यायची सोय कायद्यात हवी. हसू नका. घरी येऊन चपला काढल्या आणि तशीच लिहायला बसलेय, कारण आत्ता नाही लिहिलं तर संध्याकाळपर्यंत मी शहाणी होईन आणि मग लिहिणार नाही.

झालं असं की आमच्या उपनगरातल्या एका हॉलमध्ये आज सकाळी 'पाणी' या विषयावर व्याख्यान होतं. मराठीतून, फुकट, 'विद्यार्थ्यांसाठी विशेष' असं पत्रकावर ठळक छापलेलं. आठवीतल्या भाचीला घेऊन गेले. दहाचा कार्यक्रम. प्रमुख पाहुणे येईपर्यंत पोरं खुर्च्यांवर चुळबुळत होती. मग दीपप्रज्वलन, मेणबत्ती विझतेय, काडेपेटी कोणाकडे आहे, पुष्पगुच्छ, शाल, श्रीफळ, ज्यांचा सत्कार राहिला त्यांचा सत्कार, संस्थेच्या वाटचालीचा आढावा. वक्त्या बाई बिचाऱ्या लॅपटॉप उघडून कोपऱ्यात उभ्या. त्यांना तासभर मिळणार होता, मिळाली जेमतेम पस्तीस मिनिटं.

पण काय बोलल्या हो! पाणी 4 अंशांना सगळ्यात जड असतं, त्याहून गार झालं की पुन्हा हलकं होत जातं, म्हणून बर्फ तरंगतो, म्हणून थंड प्रदेशातली तळी वरून गोठतात आणि खाली मासे जिवंत राहतात. शाळेत हे आपण 'असंगत वर्तन' म्हणून दोन मार्कांसाठी घोकलंय. बाईंनी ते असं सांगितलं की शेजारचा पोरगा तोंड उघडं टाकून ऐकत होता.

मग प्रश्नोत्तरं. भाचीचा हात सगळ्यात आधी वर. तिनं डाव्या मनगटावर निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलं होतं, 'आवाज आधी का?' विसरायला नको म्हणून. घामानं त्यातला 'का' पसरला होता. आणि माईक गेला कुठे? दुसऱ्या रांगेतल्या काकांकडे. मागितलाही नव्हता त्यांनी, उठून सरळ घेतला.

काका बोलले. पाण्याला स्मृती असते. पाण्यासमोर चांगले शब्द बोललं की त्याचे स्फटिक सुंदर होतात. आपल्या पूर्वजांना हे ठाऊक होतं म्हणून आचमन. नासानं आता मान्य केलंय. (नासाला दुसरं कामच नाही, आपल्या आजीनं काय काय केलं ते मान्य करत बसतात.) मग त्यांचा स्वतःचा तांब्याच्या भांड्याचा अनुभव, मग पित्त, मग मधुमेह. हात वर धरून धरून भाचीनं दुसऱ्या हातानं कोपराला टेकू दिला. शेवटी मी उभी राहिले. म्हटलं, "काका, मुलीला विचारू द्या ना." तर शेजारच्या बाईंनी माझीच ओढणी ओढून मला खाली बसवलं. "अहो, मोठे आहेत ते."

मोठे आहेत! मग बसा की मोठ्यासारखे.

आणि कहर पुढेच आहे. काकांचं आटोपल्यावर सूत्रसंचालक म्हणाले, वेळेअभावी प्रश्नोत्तरं इथेच थांबवू. त्यानंतर अध्यक्ष उठले. त्यांना वेळेचा अभाव नव्हता. त्यांनी सांगितलं की आजकालची पिढी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली असते, त्यांना प्रश्नच पडत नाहीत, ही शोकांतिका आहे. माझ्या शेजारी मनगटावर प्रश्न लिहिलेली पोरगी बसली होती हो! माणसानं हसावं की खुर्ची उचलावी?

प्रश्न पडत नाहीत म्हणे. दर 28 फेब्रुवारीला ही मंडळी रामन यांच्या फोटोला हार घालतात. अरे, त्या माणसानं सुरुवात कशानं केली? 1921 साली विलायतेहून बोटीनं परत येत होते, भूमध्य समुद्राचा निळा रंग बघितला आणि विचारलं, हा निळा का? लॉर्ड रॅलेसारख्या बड्या शास्त्रज्ञानं सांगून ठेवलं होतं की ते आकाशाचं प्रतिबिंब. 'मोठे आहेत ते' म्हणून रामन गप्प बसले नाहीत. डेकवर उभं राहून, लोलक डोळ्याला लावून, प्रतिबिंबाचा उजेड वगळून पाणी बघितलं. तरी निळंच. बोट मुंबई बंदराला लागली तेव्हा बोटीवरूनच त्यांनी 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकाला पत्र लिहिलं. पुढे 1928 चा शोध, 1930 चं नोबेल, आणि 1987 पासून आपला विज्ञान दिन. मुळाशी काय, तर आठवीतल्या पोरानं विचारावा असा प्रश्न. त्या बोटीवर आमचे काका असते तर रामन यांना मुंबई येईपर्यंत तांब्याचं भांडं ऐकावं लागलं असतं.

बरं, काकांचा विषय वाईट नव्हता, हेही सांगते. "पाण्याला स्मृती असते असं म्हणतात, खरं आहे का?" एवढंच विचारलं असतं तर मीच टाळ्या वाजवल्या असत्या. कारण ती गोष्ट भन्नाट आहे. 1988 साली फ्रान्समधल्या एका प्रयोगशाळेनं जवळपास हाच दावा केला आणि 'नेचर'नं तो छापलाही. मग 'नेचर'चीच माणसं त्या प्रयोगशाळेत जाऊन बसली, सोबत चक्क एक जादूगार घेऊन, आणि कुठल्या नळीत काय आहे हे प्रयोग करणाऱ्यांपासून लपवून ठेवल्याबरोबर स्मृती गायब. बाईंनी हे दोन मिनिटांत सांगितलं असतं, पोरांनी आयुष्यभर लक्षात ठेवलं असतं. पण काकांना उत्तर नको होतं ना.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर सर आठवले आज. पोरं सही मागायला गर्दी करायची तेव्हा सर म्हणायचे, सही नाही, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तर सहीनिशी येईल. आणि यायचं! एवढा मोठा माणूस, पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी करणारा, आणि एकेका पोराच्या कार्डाला उत्तर. मे 2025 मध्ये सर गेले तेव्हा माझ्या टाइमलाइनवर निम्म्या लोकांनी ती जपून ठेवलेली कार्डं टाकली होती. त्यातले किती जण आज पोरांच्या कार्यक्रमात माईक अडवतात, देव जाणे.

थांबा, चहा घेऊन आले. जरा शांत झालेय.

तर, मान्य आहे, ज्येष्ठ मंडळी नसतील तर अर्ध्या व्याख्यानांना खुर्च्या रिकाम्या राहतील. हॉलचं भाडं, चहापाणी, पत्रकं, बरेचदा त्यांच्याच पेन्शनमधून होतं. आणि त्या काकांचंही वाईट वाटलं मला नंतर. घरी मुलगा-सून कामावर, नातू हेडफोन लावून. आठवडाभरात त्यांचं सलग कोणी काही ऐकत असेल असं वाटत नाही. पण मग त्यांच्यासाठी कट्टा काढा की. मीही येईन ऐकायला, खरंच. 'विद्यार्थ्यांसाठी विशेष' छापून पोरांना टाळ्या वाजवायला कशाला बोलावता?

आणि मुंबईत हे जमत नाही असं थोडंच आहे? टीआयएफआर या इथल्याच संशोधन संस्थेनं 2009 साली 'चाय अँड व्हाय?' सुरू केलं, जुहूच्या पृथ्वी थिएटरला आणि माटुंग्याच्या रुपारेल कॉलेजात, रविवारी सकाळी. शाल नाही, श्रीफळ नाही, शास्त्रज्ञ समोर उभा राहून प्रयोग करतो, आणि पोरगं मध्येच "पण का?" ओरडलं तर तोच कार्यक्रम होतो. खगोल मंडळाची हौशी माणसं शहराबाहेर वांगणीला रात्र रात्र आकाश दाखवतात. तिथे अंधारात कोण अध्यक्ष आणि कोण सातवीतला, कळतच नाही. मराठी विज्ञान परिषद तर 1966 पासून मराठीतून विज्ञान सांगतेय. दीपप्रज्वलन केल्याशिवाय पाण्याचे गुणधर्म बदलत नाहीत, हे या लोकांना केव्हाच कळलंय.

आता भाचीचा प्रश्न काय होता ते सांगते. सकाळचा चहा घरात तीच करते. तिचं म्हणणं, पाणी तापायला लागलं की भांडं आधी सूंऽऽ असा मोठा आवाज करतं, आणि प्रत्यक्ष आधण येतं तेव्हा आवाज बदलून मऊ होतो. जास्त तापल्यावर आवाज वाढायला हवा ना? मग आधी का? मी इतकी वर्षं रोज आधण ठेवतेय. कधी लक्ष गेलं नाही. तुमचं गेलंय?

कार्यक्रम संपल्यावर वक्त्या बाई जिन्यात भेटल्या, एका हातात नारळ, एका हातात लॅपटॉपची बॅग. भाची माझ्या मागे लपत होती, मीच तिचं मनगट पुढे केलं. बाईंनी वाचलं, बॅग पायरीवर ठेवली, नारळ माझ्याकडे दिला. "तुला काय वाटतं?" आधी हे विचारलं त्यांनी. मग दोघींनी मिळून शोधलं. तळाचं पाणी आधी तापतं, तिथे वाफेचे बुडबुडे होतात. ते वर निघतात, पण वरचं पाणी अजून गारच असतं, म्हणून वाफेचं पुन्हा पाणी होतं आणि बुडबुडा फट्दिशी मिटतो. असे हजारो बुडबुडे मिटतात, तो सूंऽऽ. सगळं पाणी सारखं तापलं की बुडबुडे न मिटता वरपर्यंत पोचतात, निवांत फुटतात, म्हणून मऊ आवाज. भाची म्हणाली, "म्हणजे ओरडतं ते गार पाण्यामुळे?" बाई इतक्या खूश झाल्या की विचारू नका. अख्ख्या सकाळचं विज्ञान त्या जिन्यात झालं, आणि ऐकायला आम्ही तिघी आणि खुर्च्या खाली नेणारा एक मुलगा.

हे हॉलमध्ये, माईकवर, साठ पोरांसमोर व्हायला हवं होतं. मला राग त्याचा आहे. तिला उत्तर मिळालं, कारण तिची मावशी भांडखोर आहे. बाकीच्या हात वर केलेल्या पोरांचं काय? मागच्या रांगेत चष्मेवाला एक मुलगा होता, तोही शेवटपर्यंत हात वर करून होता. त्याला काय विचारायचं होतं, ते आता कोणालाच कळणार नाही.

आयोजक मित्रमैत्रिणींनो, तुमच्यातले दहाबारा जण तरी माझ्या यादीत आहेत, म्हणून सांगते. पहिली पंधरा मिनिटं फक्त पंधरा वर्षांखालच्यांची ठेवा. दारात चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा, लाजणारी पोरं लिहून देतील. माईक फिरवायला एखादी खमकी कॉलेजची मुलगी नेमा, काकांना "धन्यवाद काका" म्हणून हातातून माईक घेणारी. सत्कार करायचाच असेल तर पोरं घरी गेल्यावर करा.

आणि ठाणे-मुलुंडकडून पुढच्या वेळी पृथ्वी थिएटरला 'चाय अँड व्हाय?'साठी कोणी येणार असेल तर कमेंटमध्ये सांगा. आम्ही घाटकोपरहून मेट्रोनं डी. एन. नगर आणि पुढे रिक्षा असं जाणार आहोत, एका रिक्षात तिघं मावतात. भाची म्हणतेय तिचा फोटो टाकायचा नाही, म्हणून टाकलेला नाही.