'गूळ खा, गोळी सोडा' म्हणणाऱ्यांना उत्तर

'साखर हे विष, गूळ हे अमृत. गूळ नैसर्गिक असल्यामुळे रक्तातली साखर वाढत नाही. मधुमेहींनी बिनधास्त खावा, महिन्याभरात गोळी बंद होते.' हा मजकूर कित्येक वर्षं व्हॉट्सॲपवर फिरतोय. त्याच्या खाली आयुर्वेदाचा हवाला, लोहाचं कौतुक, साखरेत हाडांची पूड असते ही भीती, पूर्वजांचा दाखला, तान्ह्या बाळांना मध चाटवण्याचा सल्ला आणि शेवटी 'जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा' अशी विनंती. आजवर मी तो वाचून सोडून देत होते. पण या वेळी माझ्या मावशीने तो मनावर घेतला. दिवसातून तीनदा गुळाचा चहा, जेवणानंतर गुळाचा खडा, आणि संध्याकाळची गोळी तिने आपल्या मनानेच थांबवली. पुढच्या तपासणीत तिचं एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, साडेसातवरून साडेनऊवर गेलेलं निघालं. 'अगं, मी साखरेला हातसुद्धा लावला नव्हता,' असं म्हणत ती स्वतःलाच दोष देत बसलीय. दोष तिचा नाही. हे लिहिणाऱ्याचा आणि न तपासता पुढे ढकलणाऱ्यांचा आहे.

म्हणून पहिला मुद्दा सविस्तर घेते, कारण बाकीचे चुकीचे असले तरी हा धोकादायक आहे.

'नैसर्गिक, म्हणून साखर वाढत नाही' हे धादांत खोटं आहे. उसाचा रस काहिलीत आटवायचा, वर येणारी मळी काढत राहायची आणि घट्ट झाल्यावर वाफ्यात ओतायचा, की गूळ तयार. त्याच रसातले स्फटिक वेगळे काढले की साखर. दोन्हींत मुख्य पदार्थ एकच, सुक्रोज. साखर म्हणजे जवळपास शुद्ध सुक्रोज. गुळात ते साधारण ६५ ते ८५ टक्के असतं आणि त्याखेरीज १० ते १५ टक्के ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असतं. लहान आतड्यात सुक्रोज फुटून त्याचंही ग्लुकोज आणि फ्रुक्टोजच होतं. ते गुऱ्हाळातून आलं की साखर कारखान्यातून, हे आतड्याला कळायचा काही मार्ग नाही.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांत १०० ग्रॅम गुळात सुमारे ८५ ग्रॅम कर्बोदकं दिली आहेत. म्हणजे चहात दहा ग्रॅम साखरेऐवजी दहा ग्रॅम गूळ घातला तर जेमतेम दीड ग्रॅमचा फरक पडतो. तोही टिकत नाही, कारण वजनाला वजन घेतलं तर गूळ साखरेहून कमी गोड लागतो आणि हात आपोआप थोडा जास्त घालतो. वर 'अमृत' म्हटल्यावर तर कोण मोजून घालणार?

आणखी एक गोष्ट सांगते, ती मधुमेह असलेल्या घरांत सगळ्यांना माहीत असते. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाची साखर अचानक उतरली, घाम सुटला, हातपाय थरथरायला लागले, तर माणूस शुद्धीवर आणि गिळू शकत असताना लगेच ग्लुकोज किंवा साखरेचं पाणी देतात. खेड्यात गुळाचा खडाही देतात, आणि त्यानेही साखर वर येते. जो गूळ अशा वेळी साखर चढवतो, तो चहातून गेल्यावर ती चढवणार नाही, हे कसं शक्य आहे? तरीही पटत नसेल तर घरातल्या ग्लुकोमीटरने गुळाचा चहा पिण्याआधी आणि नंतर साखर मोजून बघा.

आता गोळीबद्दल. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या पाठबळाने झालेल्या इंडियाब पाहणीचे देशभराचे आकडे २०२३ मध्ये आले. त्यानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि गोव्याचं प्रमाण सगळ्यांत जास्त, २६.४ टक्के. एवढ्या घरांत 'गोळी बंद होते' ही ओळ पोचतेय. गोळी थांबवल्यावर लगेच काही दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. माणसाला बरंच वाटत असतं. डोळ्यांचे पडदे, मूत्रपिंडं आणि पायांच्या नसा आतल्या आत बिघडत असतात. गोळी कमी करायची का, हे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून ठरवायचं असतं.

'आयुर्वेदात सांगितलंय' हे वाक्य वाचून मला सगळ्यांत जास्त राग आला, कारण आयुर्वेदात नेमकं उलटं सांगितलंय. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सहावा अध्याय प्रमेहाचा, म्हणजे मधुमेह ज्यात येतो त्या विकारांचा आहे. प्रमेह कशाने होतो ते त्याच्या सुरुवातीलाच येतं. बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, दूध, नवं धान्य, असं सांगत श्लोक संपतो तो 'नवान्नपानं गुडवैकृतं च प्रमेहहेतुः कफकृच्च सर्वम्' या ओळींनी. गुडवैकृत म्हणजे गुळाचे पदार्थ. ते कारणांच्या यादीत आहेत, उपायांच्या नाही. गुळाचे गुण आयुर्वेदात सांगितले आहेत, जुना गूळ चांगला म्हटलाय, हे सगळं खरं. पण प्रमेह झालेल्याला 'बिनधास्त खा' असं चरकाच्या नावावर खपवणं हा त्या ग्रंथाचाही अपमान आहे.

लोहाचं म्हणणं अर्धं खरं आहे, तेवढं मान्य करते. साखरेत काहीच नसतं, गुळात असतं. त्याच तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅममध्ये साधारण साडेचार मिलिग्रॅम. पण दहा ग्रॅमच्या खड्यातून अर्धा मिलिग्रॅमही मिळत नाही, आणि २०२० च्या शिफारशींनुसार स्त्रीची रोजची गरज २९ मिलिग्रॅम आहे. ती गुळाने भागवायला रोज सहाशे ग्रॅमहून जास्त गूळ खावा लागेल. हिमोग्लोबिन कमी असेल तर सरकारी दवाखान्यात लोहाच्या गोळ्या मिळतात, त्या घ्या.

हाडांची पूड: काही देशांतल्या शुद्धीकरण कारखान्यांत हाडांचा कोळसा वापरतात. आपल्याकडच्या कारखान्यांत रस चुना आणि गंधकाच्या वायूने स्वच्छ करतात. रसायन वापरतात, हे कबूल. पण गुऱ्हाळांतसुद्धा चुना पडतो, आणि बाजारात पिवळ्याधमक ढेपेला भाव जास्त मिळतो म्हणून अनेक ठिकाणी रंग उजळवणारी हायड्रॉस पावडरही पडते. गूळ घ्यायचाच तर काळपट बघून घ्या.

आजोबा-पणजोबांना गूळ खाऊन काही झालं नाही? उन्हातून चालत आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी देत, तेव्हा वाटीत सुपारीएवढा खडा असायचा. तो खाणारा दिवसभर शेतात राबणारा होता. तीन कप चहा पिऊन खुर्चीत बसणाऱ्याने त्याचा दाखला देऊ नये.

आणि बाळांना मध चाटवण्याचा सल्ला कृपा करून कुणीही पाळू नका. मधात बोट्युलिझम या स्नायू लुळे पाडणाऱ्या गंभीर आजाराच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि एक वर्षाखालच्या बाळाचं आतडं त्यांना थोपवू शकत नाही. घुटी उगाळतानाही मध नको.

मग चहात घालायचं काय? सगळ्यांत चांगलं म्हणजे गोडी हळूहळू उतरवत नेणं. जिभेला काही आठवड्यांत सवय होते. ज्यांना अजिबात जमत नाही त्यांच्यासाठी स्टीव्हिया आहे, ज्याला त्या संदेशात 'परदेशी विष' म्हटलंय. ही पॅराग्वेकडची वनस्पती. तिच्या पानातल्या गोड द्रव्यांनी रक्तातली साखर वाढत नाही. वजन कमी करण्यासाठी असे पर्याय वापरू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये सांगितलं, पण ती शिफारस आधीच मधुमेह असलेल्यांसाठी नव्हती. फक्त पाकिटामागची यादी वाचा, काही पुड्यांत माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज मिसळलेलं असतं, आणि त्यांनी रक्तातली साखर वाढते. स्टीव्हिया चहात, सरबतात चालतं. त्याचा पाक होत नाही, त्यामुळे चिक्की किंवा तिळाचे लाडू त्याने वळणार नाहीत, आणि पुरणाला तो दाटपणा येणार नाही. सणाला पुरण गुळाचंच करा. मधुमेह असेल तर अर्धी पोळी घ्या, त्या जेवणातला भात तेवढा कमी करा आणि गोळी त्या दिवशीही ठरल्या वेळी घ्या.