तक्रारपेटी टांगायची कुठं?

काल बापू कट्ट्यावर आले ते तापूनच. चहा सांगायच्या आधीच सुरू. "जन्म काढला या गावात, आणि माझ्याच नातीला शाळेतनं आणायला गेलो तर मलाच अडवत्यात! का, तर म्हणे यादीत नाव न्हाई!"

आमचं गाव सांगली-तासगाव रस्त्याला लागून. जिल्हा परिषदेच्या शाळेत गेल्या वर्षी नव्या मुख्याध्यापिका आल्या. बाईंनी पहिली-दुसरीच्या पोरांसाठी एक वही घातली. कुणाला न्यायला कोण येणार, त्यांची दोन नावं आणि फोन नंबर. तिसरंच कुणी आलं तर आधी घरी फोन, मगच पोर सोडायचं. बापूंच्या सुनेनं स्वतःचं आणि नवऱ्याचं नाव दिलेलं. सासऱ्याचं का दिलं नाही, हा विषय कट्ट्यानं थोडा वेळ चवीनं चघळला आणि सोडून दिला.

"बापू, तुम्हाला अडवलं म्हणजे वही चालतीया," रिक्षावाले आप्पा म्हणाले. "बाईंनी माझंबी लायसन घेतलं, पोलिसांचा दाखला आणा म्हणाल्या. आधी लई राग आला. मग म्हटलं, लगा, सात पोरं बसत्यात माझ्या रिक्षात, त्यांच्या आया माझी माहिती मागणारच की." सात हा आकडा आमच्या निवृत्त हवालदारांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला.

शेजारच्या गावचे गुरुजी मात्र चिडले. त्यांची शाळा द्विशिक्षकी, हे प्रभारी मुख्याध्यापक. "कौतुक करा बाईंचं, पण माझ्याकडं येऊन बघा. पोषण आहाराचा हिशेब मी लिहायचा, ऑनलाइन माहिती मी भरायची, मतदार यादीला मी पळायचं. आता फाटकावरबी मीच उभा राहू? मग शिकवायचं कुणी?"

गुरुजींचं गाऱ्हाणं खोटं नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषात पहिली ते पाचवीच्या शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक धरलाय तो पट दीडशेच्या वर गेला तरच. लहान शाळांत एका शिक्षकाच्या गळ्यात 'प्रभारी' अडकवतात, आणि जबाबदारी मात्र पुरी.

हवालदारांचा भर कॅमेऱ्यावर. बदलापूरच्या शाळेत दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाले, त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शासन निर्णय निघाला, तो त्यांना जवळजवळ पाठ. शाळेत सीसीटीव्ही, आठवड्यातनं किमान तीनदा चित्रण तपासायचं, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, पोरापोरींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती, काही घडलं तर चोवीस तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवायचं.

"सगळं हाय की आमच्या शाळेत," चहाच्या गाडीवरून वहिनी बोलल्या. वहिनी शाळा व्यवस्थापन समितीवर आहेत, हे आम्ही सोयीनं विसरतो. "पेटी तर आधीपासनंच होती. हेडमास्तरांच्या खोलीबाहेर, बरोब्बर कॅमेऱ्याच्या खाली! चिठ्ठी टाकणाऱ्या पोरीचं शूटिंगच."

कट्टा हसला, पण मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. कॅमेरा आला, पेटी आली, तपासणीच्या कागदावर दोन्हीपुढं बरोबरची खूण झाली, आणि दोन्ही मिळून पेटी बिनकामाची झाली. बाईंनी पेटी हलवली ती हात धुवायच्या नळांपलीकडं. तरी पहिलीचं पोर चिठ्ठी लिहिणार कसं? ते सांगतं खिचडी वाढणाऱ्या मावशीला. म्हणून बाईंनी त्या मावशींनाच बैठकीला बसवलं. पोर काही बोललं तर उलटसुलट विचारायचं नाही, 'कुणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही, त्याच दिवशी बाईंना सांगायचं. आणि तक्रार खुद्द बाईंचीच असली तर सरळ १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला फोन. हे शेवटचं वाक्य बाईंनी स्वतः लिहिलं, असं वहिनी म्हणाल्या. माझ्या मते बाईंचं खरं काम या एका वाक्यात आहे. स्वतःवर तक्रार कुठं करायची, ते सांगणारा साहेब मी तरी फार पाहिला नाही.

बापू अजून धुमसत होते. "अशानं उगं संशय वाढतो. एखादी गोष्ट झालीच तर चार जाणत्यांनी बसून मिटवावी. शाळेची बदनामी कशाला?"

इथं मात्र हवालदारांनी कप खाली ठेवला. "बापू, मिटवणाराच आत जाईल. पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा २०१२ चा कायदा. कलम १९ म्हणतं, गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तरी पोलिसांना कळवायचं. शिक्षकानंच न्हाई, कुणीबी. न्हाई कळवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थेच्या प्रमुखानं दाबला, तर वर्षापर्यंत कैद आणि दंड."

"आणि तक्रार खोटी निघाली तर?" गुरुजींनी विचारलं. ही भीती सगळ्याच मास्तरांना असते.

"चांगल्या हेतूनं कळवलं असंल तर कळवणाऱ्याला काही होत न्हाई. खरं-खोटं करणं तुमचं कामच न्हाई, गुरुजी. हेडमास्तर चौकशी करत बसला की पोराला तेच तेच धा वेळा सांगाय लागतं, आणि तोवर ज्यानं केलं तो सावध होतो."

बापू गप्प झाले. पटलं म्हणून की चहा आला म्हणून, सांगता येत नाही.

मग गुरुजींनी नेमका प्रश्न टाकला. "बाईंची बदली झाली की? नवा माणूस येईल, वही कपाटात जाईल."

त्यावर वहिनींकडं उत्तर होतं. समितीत पाऊण हिस्सा पालक, निम्म्या बायका, असं कायदाच म्हणतो. पण बैठक असायची सकाळी अकराला, आणि तेव्हा निम्म्या आया द्राक्षाच्या बागेत. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या गोळा व्हायच्या. बाईंनी बैठक संध्याकाळी सहाला नेली, आणि वही, पेटी, मावशींच्या सूचना, सगळ्याचा ठराव करून प्रोसिडिंगला घेतला. नव्या माणसाला मोडायचा तर आयांसमोर मोडावा लागेल.

"ठराव रद्दबी करता येतो," गुरुजी म्हणाले खरे, पण लगेच वहिनींकडं ठरावाचा फोटो मागितला. वहिनींनी तिथंच मोबाइलवर पाठवला. गुरुजींनी चष्मा चढवून वाचला.

"फाटकाचा मुद्दा तेवढा काढून टाकतो," ते म्हणाले. "आमच्या शाळेला कंपाउंडच न्हाई."